वर्षभराचे उल्कावर्षाव



दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात एक छोटी चौकट येते. तासाला दीडशे उल्का दिसणार, असं तिच्यात लिहिलेलं असतं. ती चौकट वाचून लोक मुलाबाळांसह गच्चीवर जातात. शाली, थर्मास, चटई असा सगळा सरंजाम असतो. तास-दीड तास मान वर करून बसल्यावर चार दिसतात, फार तर सहा. त्यातली एक फक्त आजोबांना दिसलेली असते, आणि त्यावर वाद होतो. मग मंडळी खाली येतात ती पुन्हा कधी वर जात नाहीत.

आज मला बोलायचंय ते या दीडशे आणि सहामधल्या फरकाबद्दल. हा फरक कळला नाही, तर उल्कावर्षाव म्हणजे फसवाफसवी असं वाटतं. तो कळला, तर वर्षातल्या कोणत्या रात्री कुठं जायचं, किती वाजता जायचं आणि कोणत्या रात्री सरळ झोपायचं, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं. आपले श्रोते इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली असे सगळीकडे आहेत, त्यामुळे मी फक्त पुण्या-मुंबईचं आकाश धरून बोलणार नाही.

आधी थोडं मुळापासून. आपण 'तारा तुटला' म्हणतो. तारा काही तुटत नाही. लहान मुलं विचारतात, रोज इतके तारे तुटतात तर आकाश रिकामं कसं होत नाही? प्रश्न अगदी बरोबर आहे. जे जळताना दिसतं ते वाळूच्या कणाएवढं, कधी वाटाण्याएवढं असतं. ते तुमच्यापासून साधारण शंभर किलोमीटर उंचीवर जळतं. तारे त्याच्या कितीतरी पलीकडे, आपापल्या जागी असतात. एवढासा कण इतका झगमगतो, कारण त्याचा वेग भयानक असतो. डिसेंबरच्या मिथुन वर्षावातली उल्का सेकंदाला 35 किलोमीटर जाते. पुणे ते मुंबई चार-साडेचार सेकंदांत. नोव्हेंबरच्या सिंह वर्षावातली उल्का याच्या दुप्पट, सेकंदाला 71 किलोमीटर. या वेगानं हवेत घुसल्यावर कणाची वाफ होते, त्याचे आणि हवेचे अणू उजळतात, आणि आपल्याला एक रेघ दिसते.

हे कण येतात कुठून? धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याचा बर्फ उडतो, आणि त्याबरोबर धूळ सुटते. ती धूळ धूमकेतूच्या मागेपुढे पसरत जाते आणि काही शतकांत त्याची पूर्ण कक्षाच धुळीनं भरून जाते. रस्त्यावरून वाळूचा ट्रक रोज गळत गेला की रस्ताभर वाळू होते ना, तसं. पृथ्वी तो रस्ता वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला ओलांडते. म्हणून उल्कावर्षावांच्या तारखा ठरलेल्या असतात. अगदी बारकाईनं पाहिलं तर त्या सत्तरेक वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. मकर संक्रांत सरकते ना, त्याच कारणानं. पण आपल्या आयुष्यात त्याची चिंता नको.

सगळे कण एका दिशेनं, एकमेकांना समांतर येत असतात. रेल्वेचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तशाच या रेघा मागे वाढवल्या तर आकाशातल्या एका बिंदूतून निघाल्यासारख्या वाटतात. तो बिंदू म्हणजे उगमबिंदू. तो ज्या नक्षत्रात असतो त्याचं नाव वर्षावाला मिळतं. उगमबिंदू क्षितिजाखाली असेल तर त्या वर्षावाच्या उल्का जवळपास दिसतच नाहीत. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी तुमच्या निम्म्या निराशा टळतील.

आता तो दीडशेचा आकडा. तो खोटा नाही. फक्त त्याच्यामागे तीन अटी असतात, आणि त्या चौकटीत कधीच छापल्या जात नाहीत. पहिली अट, उगमबिंदू बरोबर डोक्यावर असला पाहिजे. दुसरी, आकाश इतकं काळं हवं की साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे नुसत्या डोळ्यांनी दिसावेत. तिसरी, वर्षाव ऐन शिखरावर असला पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळलेली जागा पृथ्वीवर कुठंतरी असते, आणि ती बहुतेक वेळा तुमची गच्ची नसते.

हिशोब करून बघू. उगमबिंदू क्षितिजापासून 45 अंशांवर असला की दीडशेचे साधारण 105 होतात. 30 अंशांवर असला तर 75. इथपर्यंत ठीक आहे, शंभर-पाऊणशे उल्का काही वाईट नाहीत. खरा घाव घालतो तो उजेड. आकाशाची एक प्रत गेली की उल्का साधारण अडीच पटींनी कमी होतात, कारण बहुसंख्य उल्का मंदच असतात. शहरात साडेसहाच्या जागी चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील, तर त्या 105 च्या दहाएक उरतात. त्यात समोरची इमारत अर्धं आकाश अडवते, आणि आपण मधूनच मोबाइल बघतो. झाल्या सहा.

तुमचं आकाश कितव्या प्रतीचं आहे हे ओळखायला कुठलंही यंत्र नको. लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवतात ना? सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ, आणि त्याला चिकटून असलेली ती अरुंधती. ती चौथ्या प्रतीची आहे. ती दिसली तर तुमचं आकाश निदान चारचं. अरुंधती सोडाच, सप्तर्षींच्या चौकोनातला अत्री हा सातांमधला सर्वात मंद तारासुद्धा शोधावा लागत असेल, तर त्या गच्चीवर उल्कांसाठी जागरण करू नका. थंडीत संध्याकाळी सप्तर्षी नसतात, तेव्हा कृत्तिका बघा. चष्मा असेल तर तो लावून सहा तारे सुटे मोजता आले, तर आकाश बरं आहे. लग्नातली अरुंधती आता बहुतेक ठिकाणी गुरुजींच्या शब्दावर विश्वास ठेवूनच बघावी लागते, हा वेगळा विषय.

चंद्राचं काय? इथं आपल्या घरातली एक वस्तू फार उपयोगी पडते, भिंतीवरचं कॅलेंडर. त्यात तिथी असते आणि संकष्टीला शहरवार चंद्रोदयाची वेळ असते. शुद्ध पक्षात अष्टमीपर्यंत चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, म्हणजे पहाट मोकळी मिळते. पौर्णिमेला सगळी रात्र गेली. त्यानंतर वद्य अष्टमीपर्यंत चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि नेमकी मध्यरात्रीनंतरची वेळ खातो. वद्य एकादशी-द्वादशीनंतर पुन्हा काळजी नाही. तारीख ठरलेली असते, पण तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस सरकते. त्यामुळे तोच वर्षाव एका वर्षी सुंदर असतो आणि दुसऱ्या वर्षी वाया जातो. 2026 च्या 14 डिसेंबरला शुद्ध पंचमीच्या आसपासचा चंद्र आहे, रात्री दहाच्या सुमारास मावळणारा. 2027 ला 13 डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा आहे. चौकट दोन्ही वर्षी तीच छापून येईल.

आता वर्षाचा फेरा मारू. मी जानेवारीपासून सुरू करतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. काही वर्षाव त्या लायकीचे नाहीत, निदान आपल्याकडून तरी.

जानेवारीच्या 3 आणि 4 तारखेच्या मधली पहाट. याचं नाव मजेशीर आहे, क्वाड्रंटिड. ज्या नक्षत्रावरून ते पडलं ते 'भिंतीवरचा क्वाड्रंट' हे नक्षत्र आता आकाशाच्या नकाशातच नाही, ते रद्द झालं. ती जागा आता भूतप नक्षत्रात, सप्तर्षींच्या शेपटीच्या पलीकडे येते. आकडा मोठा आहे, शंभराच्या वर. पण शिखर जेमतेम सहा तासांचं. ते सहा तास भारतात दुपारी पडले तर उपयोग शून्य. महाराष्ट्रातून उगमबिंदू रात्री दीडच्या पुढे उगवतो आणि पहाटे पाच-साडेपाचला कुठं 35-38 अंशांवर येतो. म्हणून शिखराची वेळ भारतीय वेळेत बदलून घ्या. ती मध्यरात्र ते सकाळ यांच्या मध्ये येत असेल तरच गजर लावा. दिल्ली, लखनौ, पाटण्याकडच्या मंडळींना यावेळी धुकं असतं, त्यांनी हा विसरावा. नागपूर, जबलपूर, कच्छ या बाजूंना आकाश बरं मिळतं.

यानंतर तीन महिने मोठं काहीच नाही. हे तीन महिने आकाश छान असतं आणि उल्का नसतात, असा विरोधाभास आहे. अर्थात 'नसतात' म्हणजे वर्षावाच्या नसतात. सुट्या, कुठल्याही कुटुंबाच्या नसलेल्या उल्का अंधाऱ्या जागी तासाला पाच-सात तर रोज दिसतात.

22-23 एप्रिलला स्वरमंडल. अभिजित ताऱ्याजवळून येणाऱ्या, तासाला अठरा धरलेल्या. प्रत्यक्षात आठ-दहा. याची शान आकड्यात नाही, वयात आहे. चीनमध्ये इसवी सनपूर्व 687 मध्ये याची नोंद झालेली आहे. मूळ धूमकेतू थॅचर, 1861 मध्ये दिसला होता, आणि त्याला सूर्याभोवती फिरायला चारशेहून जास्त वर्षं लागतात.

आता मे महिना. इथं मी थांबणार आहे, कारण हा आपला वर्षाव आहे, आणि आपल्यालाच तो माहीत नाही. 5 आणि 6 मे, कुंभ नक्षत्रातला ईटा अ‍ॅक्वारिड. इंग्रजी पुस्तकं आणि परदेशी संकेतस्थळं याला फार महत्त्व देत नाहीत, कारण ती लिहिली जातात युरोप-अमेरिकेतून. तिथं हा उगमबिंदू उजाडायच्या जरासा आधी उगवतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ. महाराष्ट्रातून तो रात्री दोन-सव्वादोनला उगवतो आणि उजाडू लागेपर्यंत 35 अंशांच्या आसपास येतो. दक्षिणेला जाल तसा आणखी वर. बंगळूर, मदुराई, गोवा इथल्या लोकांना दिल्लीकरांपेक्षा जास्त दिसणार, असा वर्षातला हा दुर्मीळ प्रसंग. आदर्श आकडा तासाला पन्नास. गावाकडे चारच्या सुमारास वीसएक उल्का मिळायला हरकत नाही. वेग सेकंदाला 66 किलोमीटर, आणि कित्येक उल्कांच्या मागे धुरकट पट्टा एक-दोन सेकंद तसाच राहतो.

आणि हा कण कुणाचा? हॅलेच्या धूमकेतूचा. 1986 मध्ये तो येऊन गेला, आता 2061 मध्ये येणार. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा नसतील. पण त्याची धूळ दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या डोक्यावर जळते. मुलांना सुट्टी असते, गावी लोक अजून गच्चीवर, अंगणात झोपतात. पहाटे चारला फक्त उठवायचं, चालवत कुठं न्यायचंही नाही. थंडी नाही, शाल नाही, प्रवास नाही. शिखरही बोथट आहे, दोन-तीन दिवस मागेपुढे चालतं. तेव्हा एक रात्र ढगाळ गेली तर दुसरी आहे.

जून ते सप्टेंबर आपला बराचसा देश ढगाखाली. आणि नेमका याच काळात जगातला सर्वात लोकप्रिय वर्षाव येतो, 12-13 ऑगस्टचा ययाती, म्हणजे पर्सिड. शंभराचा आकडा, उन्हाळ्याची सुट्टी, उबदार रात्री, असं त्याचं वर्णन तुम्ही वाचलं असेल. ते तिकडचं वर्णन आहे. कोकणात 12 ऑगस्टला उल्का बघायला निघालेल्या माणसाला घरचे दार उघडून देणार नाहीत.

पण 'भारतातून पर्सिड दिसत नाहीत' हे वाक्यही अर्धवटच. लडाख आणि स्पिती हिमालयाच्या पलीकडे आहेत, मोसमी ढग तिथं थकून पोचतात. जैसलमेरकडे आणि कच्छच्या रणात पावसाच्या दोन झडींच्या मध्ये कोरड्या रात्री मिळतात. शिवाय हा उत्तरेचा वर्षाव. उगमबिंदू पहाटे लेहमधून 65 अंशांच्या वर जातो, मुंबईतून 50 च्या आसपास, तिरुवनंतपुरमहून जेमतेम 40. म्हणजे उत्तरेला जाणं दोन्ही बाजूंनी फायद्याचं. लडाखमधल्या हानले इथं साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे आणि भोवतालचा परिसर 2022 मध्ये 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. तिथल्या गावकऱ्यांनी घरांचे पडदे आणि दिवे त्यासाठी बदलले. ऑगस्टमध्ये लडाखला सहल काढणारी मराठी मंडळी कमी नाहीत. तारीख फक्त चार दिवस इकडेतिकडे करा. 2026 चंच बघा, 12 ऑगस्टला अमावस्या आहे, आणि तीसुद्धा आषाढातली, दिव्यांची अमावस्या! पूजेपुरते दिवे लावा आणि मग सगळे विझवून बाहेर या.

पर्सिडचा जनक धूमकेतू स्विफ्ट-टटल. 1862 मध्ये दिसला, मग 1992 मध्ये परतला. त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1993 मध्ये, युरोपच्या ऑलिंपस नावाच्या दळणवळण उपग्रहाचा तोल याच वर्षावाच्या रात्री गेला आणि तो पुढे निकामी ठरला. कण लागला असावा असा तर्क आहे. म्हणून या धुळीचे अंदाज ही आता केवळ हौस राहिलेली नाही, उपग्रह चालवणाऱ्यांना ते लागतात. त्या अंदाजांना आधार कशाचा? दरवर्षीच्या मोजणीचा. त्यातली पुष्कळशी मोजणी तुमच्याआमच्यासारख्यांनी चटईवर पडून केलेली असते.

पावसाळ्यात उल्का दिसत नाहीत, पण रडारला दिसतात. उल्केमागे विद्युतभारित वायूची एक लांब नळी काही क्षण उरते आणि ती रेडिओलहरी परतवते. तिरुवनंतपुरमजवळ थुंब्याला असं उल्का-रडार बसवलेलं आहे. ते दिवसाढवळ्या, ढगांच्या वर, उल्कांच्या वाहत जाणाऱ्या शेपट्यांवरून 80 ते 100 किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. तिथं फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. तिथल्या वाऱ्याची बातमी द्यायला उल्काच लागते.

ऑक्टोबरच्या 21-22 ला मृग. पुन्हा हॅलेचीच धूळ, पृथ्वी दुसऱ्या बाजूनं ओलांडते तेव्हाची. आकडा वीसच, पण उगमबिंदू पहाटे पाचच्या सुमारास महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येतो. पहिली अट आपोआप पुरी. पाऊस नुकताच संपलेला, हवा धुतलेली, पहाट गार. काक्षी आणि मिथुनाच्या पायांच्या मध्ये तो बिंदू. तमिळनाडूत मात्र यावेळी त्यांचा पावसाळा सुरू होतो, आणि दिल्लीकडे धुराचे दिवस.

नोव्हेंबरच्या 17-18 चे सिंह. एरवी तासाला दहा-पंधरा, म्हणजे काहीच नाही. पण 33 वर्षांनी याचा जनक टेंपल-टटल येतो तेव्हा कधीकधी अक्षरशः वादळ होतं. 1833 च्या नोव्हेंबरात उत्तर अमेरिकेत हजारोंनी उल्का पडल्या, लोकांना जगबुडी वाटली, आणि त्याच रात्रीच्या निरीक्षणांवरून सगळ्या रेघा एका बिंदूतून निघतात हे येल विद्यापीठाच्या डेनिसन ओल्मस्टेड यांनी मांडलं. उल्काशास्त्राची सुरुवात म्हणाल तर ती. 1966 ला पुन्हा वादळ झालं. 1999 ला झालं तेव्हा शिखराची वेळ भारतात सकाळी साडेसातची होती. सूर्य उगवून वर आला होता. युरोप आणि पश्चिम आशियाला ते मिळालं. धूमकेतू आता 2031 मध्ये परत येईल. त्या सुमाराच्या नोव्हेंबरांकडे लक्ष ठेवा.

इथं एक मेलेला वर्षाव सांगतो, कारण त्यात मद्रास आहे. बीएला नावाचा धूमकेतू होता, सुमारे पावणेसात वर्षांनी यायचा. 1846 मध्ये तो खगोलज्ञांच्या डोळ्यांदेखत दुभंगला. 1852 मध्ये दोन्ही तुकडे परत दिसले. मग गायब. 27 नोव्हेंबर 1872 ला पृथ्वीनं त्याची कक्षा ओलांडली आणि युरोपभर देवयानी नक्षत्रातून उल्कांचा पाऊस पडला. जर्मनीत ग्योटिंगेनला क्लिंकरफ्यूस नावाचे खगोलज्ञ होते. त्यांनी विचार केला, धूळ आपल्याला घासून गेली, म्हणजे धूमकेतू आता दक्षिणेच्या आकाशात असणार, आणि तिथं बघणारा माणूस हवा. त्यांनी थेट मद्रासला तार केली. मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन होते. त्यांनी दाखवलेल्या दिशेला दुर्बीण वळवली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला दोन दिवस खरंच एक धूमकेतू पाहिला. मग हवामानानं साथ सोडली. पुढे हिशोब केल्यावर लक्षात आलं की तो बीएलाचा असणं अवघड आहे. म्हणजे चुकीच्या जागी शोधून दुसराच सापडला! बीएला त्यानंतर कुणालाच दिसला नाही. 1885 मध्ये आणखी एकदा जोरदार वर्षाव झाला आणि मग तो विरत गेला. आज देवयानीच्या उल्का मोजायला जवळपास काहीच उरलेलं नाही. गुरू ग्रहाच्या ओढीनं धुळीची वाट बदलते, आणि वर्षाव जन्मतात तसे संपतात. जी पॉगसन यांची प्रतवारीची मोजपट्टी आहे, तीच आपण मघाशी अरुंधतीला लावली, हे जाता जाता.

आता डिसेंबर, मिथुन. वर्षातून एकच रात्र काढणार असाल तर ही काढा, 13 च्या संध्याकाळपासून 14 च्या पहाटेपर्यंत. बहुतेक वर्षाव मध्यरात्रीनंतरचे असतात, कारण पृथ्वीची पुढची बाजू तेव्हा आपल्या वाट्याला येते. पावसात धावताना छातीवर जास्त थेंब लागतात, पाठीवर कमी, तसं. मिथुनाचं वेगळं आहे. पुनर्वसूचे जोडतारे संध्याकाळी सात-साडेसातलाच उगवतात, आणि दहापर्यंत मुलांनाही पुरेशा उल्का दिसतात. रात्री दोन-अडीचला उगमबिंदू महाराष्ट्रातून 75 अंशांच्या पुढे, दिल्लीतून जवळपास डोक्यावर. वेग कमी असल्यामुळे 'ती बघ' म्हणेपर्यंत शेजारच्याला निदान शेवट तरी दिसतो. आजोबांचा वाद इथं होत नाही.

याचा जनक धूमकेतू नाही. 1983 मध्ये आयरास उपग्रहानं पाच-सहा किलोमीटरचा एक खडक शोधला, त्याचं नाव फेथॉन. दीड वर्षाच्या आत तो सूर्याभोवती फेरी मारतो आणि बुधाच्या कक्षेच्याही खूप आत शिरतो, इतका की त्याचा पृष्ठभाग भाजून निघतो. त्याची धूळ बर्फाळ, भुसभुशीत नाही. ती टणक आहे, म्हणून उल्का हवेत जास्त खाली येऊन जळतात. आणि हा वर्षाव नवा आहे, 1862 मध्ये पहिल्यांदा लक्षात आला. सुरुवातीच्या नोंदींत आकडे किरकोळ होते. आपल्या पणजोबांना जे दिसत नव्हतं ते आपल्याला दिसतं, असं आकाशात फार थोडं आहे.

जागा कोणती? नागपूरकरांना पेंच आहे. 2024 मध्ये ते भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्य झालं. पुण्या-नाशिककरांना भंडारदऱ्याकडचा भाग. बडोद्याच्या लोकांनी कच्छ बघावं. चेन्नईकडे डिसेंबरात ढगांचा भरवसा नाही, त्यांनी आतल्या कोरड्या भागात सरकावं. शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर गेलात तरी फरक पडतो. कुणाच्या शेतात जाणार असाल तर आधी विचारा. रात्री अनोळखी माणसं शिवारात आडवी पडलेली दिसली तर गाव जागं होतं, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही. पाटील, पोलीसपाटील यांच्या कानावर घाला. बायकामुलं बरोबर असतील तर ओळखीच्या घराचं अंगण सगळ्यात उत्तम.

साहित्य फार नाही. चटई, पांघरूण, आणि टॉर्चवर लाल पतंगी कागदाचे दोन-तीन पदर. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा एक झोत ती सगळी पुसतो. दुर्बीण घरी ठेवा, ती आकाशाचा एवढासा तुकडा दाखवते. आडवे व्हा. बसून मान दुखते आणि अर्ध्या तासात माणूस कंटाळतो. उगमबिंदूकडे टक लावू नका, तिथल्या रेघा अगदी आखूड असतात. त्यापासून हातभर बाजूला, अर्ध्या उंचीवर, जिकडे काळोख जास्त तिकडे बघा.

आणि मोजा. हे मी आग्रहानं सांगतो. एका तासाला एक कागद. उल्का दिसली की फोन उलटा ठेवून आवाजात नोंद करा: वर्षावाची की सुटी, साधारण कोणत्या ताऱ्याइतकी ठळक. तासाच्या सुरुवातीला आकाशाची प्रत लिहा, ढग किती ते लिहा. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना 1988 पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी गोळा करते आणि त्यांचा नमुना सहज मिळतो. दीडशेच्या चौकटीतला आकडा याच कागदांवरून काढलेला असतो. आपल्या अक्षांशांवरून, विशेषतः मे महिन्यात, फार कमी कागद जातात.

शेवटी आधी आलेल्या प्रश्नांपैकी दोन. हैदराबादहून विचारलंय, उल्का आणि उपग्रह यात फरक कसा करायचा? उपग्रह मिनिटभर चालतो, संथ, आणि मध्येच विझतो. उल्का एका सेकंदात, फार तर दोन-तीन सेकंदांत संपते. लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे म्हणजे विमान.

इंदूरहून एका ताईंनी विचारलंय, सासूबाई म्हणतात तारा तुटताना बघू नये, मुलांना न्यावं का? न्या, आणि सासूबाईंनाही न्या. 6 मेच्या पहाटे त्यांना उठवून फक्त एवढं सांगा, ही हॅलेची धूळ आहे. 1986 चा धूमकेतू त्यांच्या आठवणीत असेल. मुलांना तो त्यांनीच सांगू दे.